लॅब पार्टनर

ऑनलाइन पदवीवर अमेरिकेत मेडिकलला प्रवेश मिळतो का, असं विचारणारे फोन मला अजून येतात. बहुतेक बायकांचे. नवऱ्याच्या नोकरीमागून इकडे आलेल्या, मुलं आता शाळेत जातात, आणि भारतातली बी.एस्सी. नाहीतर बी.फार्म. कपाटातल्या फाइलमध्ये पडून. मी त्यांना सरळ सांगते, पदवी चालते; मला मात्र प्रवेश मिळाला नाही. पहिला भाग ऐकून त्या खूश होतात आणि दुसरा सोडून देतात. मीही तेच केलं होतं.

१९९६ साली मी साताऱ्यातून बारावी झाले. तेव्हा नीट नव्हती, सीईटीही नव्हती; बारावीच्या पीसीबीच्या गुणांवर सगळा खेळ. माझे गुण चांगले होते, पण ओपनच्या यादीला पुरले नाहीत. खासगी कॉलेजची फी वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, शिक्षकी पगारात बसण्यातली नव्हती. इथवर नेहमीची गोष्ट. भानगड एवढीच झाली होती की निकालाच्या आधीच अण्णांनी अख्ख्या पेठेला मी डॉक्टर होणार म्हणून सांगून ठेवलं होतं. पुढे मी शिवाजी विद्यापीठाची केमिस्ट्रीतली बी.एस्सी. केली, तरी कोपऱ्यावरचा किराणावाला मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत राहिला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी मात्र साखर आणायला दोन चौक पलीकडच्या दुकानात जायला लागले. हे सांगते आहे ते दया यावी म्हणून नव्हे. पुढे मी जे जे केलं त्याची मेख त्या दुकानात आहे.

२००१ साली लग्न करून न्यू जर्सीला आले. एच-४ व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, बहुतेक मेडिकल कॉलेजं ग्रीनकार्ड नसलेल्याचा अर्ज बघतही नाहीत, आणि दोन मुलं झाली. ग्रीनकार्ड आलं २०११ मध्ये. तोवर डॉक्टर व्हायचं माझ्या डोक्यातून गेलं असेल असं नवऱ्याला वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. मग एकदा मुलीला ताप आला म्हणून डॉक्टरांकडे गेलो. ते तिचे कान तपासत होते आणि मी त्यांच्या हाताकडे बघत बसले होते. घरी येऊन रात्री संगणक उघडला.

पहिला धक्का बसला तो हा की माझी बी.एस्सी. इथे असून नसल्यासारखी होती. इथल्या बहुतेक एमडीच्या कॉलेजांचे अर्ज एका सामायिक सेवेतून जातात, एएमसीएएस. लोक तिला ‘ॲमकॅस’ म्हणतात. परदेशी विद्यापीठाचे गुण त्यांच्या सरासरीत धरतच नाहीत, आणि बहुतेक कॉलेजांना इथल्या मान्यताप्राप्त कॉलेजातली पदवी, निदान इथले भरपूर क्रेडिट तरी लागतात. त्याखेरीज जीवशास्त्र, रसायन, ऑरगॅनिक, भौतिकशास्त्र हे विषय बहुतेक ठिकाणी प्रयोगशाळेसकट, शिवाय बायोकेमिस्ट्री. म्हणजे मला नव्याने पदवीच करायची होती.

घरापासून काउंटी कॉलेज पंधरा-वीस मिनिटांवर होतं. संध्याकाळचे वर्ग होते, फी कमी होती, आणि सासूबाई त्या वर्षी आमच्याकडेच राहायला आल्या होत्या, त्यामुळे मुलांचा प्रश्नही सुटला असता. तरी मी ऑनलाइन पदवी निवडली. लोकांना कारण सांगितलं, मुलं लहान आहेत. खरं कारण हे की त्या काउंटी कॉलेजात आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या दोघीतिघींची मुलं शिकत होती. पार्किंगमध्ये कुणीतरी भेटणार, ‘काकू, तुम्ही इथे?’ म्हणणार, आणि पुढच्या गणपतीत आरतीच्या रांगेत सगळ्यांना कळलेलं असणार. आणि नाही जमलं तर? पस्तिशीत पुन्हा ‘डॉक्टरीणबाई’ व्हायची माझी तयारी नव्हती.

घाईत पहिलं कॉलेज चुकलं. त्यांच्या जाहिरातीत ‘राष्ट्रीय’ मान्यता असल्याचं ठळक छापलेलं होतं. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या माहितीत नुसती ‘प्रादेशिक’ मान्यता होती. आपल्याकडे राष्ट्रीय बँक आणि गावची पतसंस्था यात जो फरक, तोच इथे असणार असं मी धरून चालले. प्रत्यक्षात तेव्हा अमेरिकेत सगळं उलटं होतं. जुनी, नावाजलेली विद्यापीठं प्रादेशिक संस्थांच्या मान्यतेची, आणि राष्ट्रीय मान्यता बहुतेक व्यवसाय-प्रशिक्षणाच्या कॉलेजांना. त्यांचे क्रेडिट पुढे बहुतेक कुणी घेत नसे. (२०२० मध्ये सरकारने हा भेद कागदावरून काढून टाकला. माझ्यासाठी जरा उशीरच झाला.) वर्षभराची फी आणि वर्षभराची झोप गेली. नवऱ्याला मी सांगितलं की अभ्यासक्रम आवडला नाही म्हणून बदलते आहे. तो म्हणाला, ‘बरं.’ त्याच्या या ‘बरं’चा मी पुढे बराच गैरफायदा घेतला.

दुसऱ्यांदा नीट चौकशी केली. एका सरकारी विद्यापीठाचा जीवशास्त्राचा ऑनलाइन अभ्यासक्रम, प्रादेशिक मान्यतेचा, कॅम्पसवरच्या मुलांना मिळते तीच पदवी. अभ्यास खरोखर चांगला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ऑनलाइन म्हणजे सोपं, असं ज्यांना वाटतं त्यांनी मुलं निजल्यावर रात्री साडेदहाला सेल बायोलॉजीची लेक्चरं ऐकून बघावीत.

परीक्षा घरी, वेबकॅमसमोर. सुरू होण्याआधी पलीकडचा निरीक्षक खोली दाखवायला सांगायचा. मी लॅपटॉप उचलून चारी बाजूंना फिरवायची: पलंग, इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यातलं देवघर. एकदा त्याने मला थांबवलं. ‘भिंतीवर ते काय लिहिलंय?’ कालनिर्णय होतं. त्यातल्या बारीक अक्षरांत मी क्रेब्स सायकल लपवली असेल अशी त्याला शंका आली असावी. उतरवायला लावलं. एकादशी, संकष्टी, दूधवाल्याचा हिशेब, सगळं पलंगाखाली सारून मी जेनेटिक्सचा पेपर दिला. तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, त्या चार वर्षांत मला शिकताना बघणारा माणूस कोण, तर मी फसवणार नाही ना याची खात्री करायला नेमलेला, माझं नावही लक्षात न ठेवणारा तो एकटाच.

प्रयोगशाळा खोक्यातून यायची. यात मला काही वावगं वाटलं नाही, उलट गंमतच वाटली. टेस्टट्यूबा, छोटा तराजू, थेंब मोजायला सुईविना सिरिंज, फिनॉल्फ्थॅलिनची कुपी, चष्मा, हातमोजे. टायट्रेशन मी ओट्यावर केलं. गुलाबी रंग आला की ओळखपत्र शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि अपलोड करायचा. मुलगी फोटो काढायची. गुलाबी रंग जास्त गडद झाला तर मी प्रयोग पुन्हा करायची, आणि पहिला फोटो कुणी बघायच्या आत पुसून टाकायची. ही सोय खऱ्या प्रयोगशाळेत नसते.

जीवशास्त्राच्या किटमध्ये विच्छेदनाला डुकराचं न जन्मलेलं पिल्लू यायचं, प्रिझर्व्हेटिव्हमध्ये भिजवून प्लॅस्टिकच्या पिशवीत सीलबंद. सासूबाई माळकरी. एरवी मी ते गॅरेजमध्ये करायची, पण त्या दिवशी बाहेर बर्फ होतं, म्हणून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं पसरली, त्यावर ट्रे. सासूबाई देवळातून लवकर परत येतील असं वाटलं नव्हतं. पोट उघडून यकृत बाजूला केलेलं, चार पाय दोरीने ताणून बांधलेले, आणि दारात सासूबाई. मला वाटलं आता गोंधळ होणार. त्या काही बोलल्या नाहीत. चपला काढल्या, हात धुतले, मग लांबूनच म्हणाल्या, ‘अगं, कापायचं तर कॉलेजात जाऊन काप की. तिथं चार पोरं असतील, शिकवणारं कुणी असंल. हितं एकटीच काय कापत बसलीस?’

मी त्यांना समजावून सांगितलं की हेच कॉलेज आहे. त्यांनी मान हलवली आणि टेबल तीनदा पुसून घेतलं. मी मनात म्हटलं, यांना काय कळतंय.

वर्गातल्या चर्चा लिहून व्हायच्या. आठवड्याला आपलं एक उत्तर टाकायचं आणि इतर दोघांच्या उत्तरांवर मत द्यायचं, त्याचे गुण. ‘तुझा मुद्दा फार छान आहे, त्यात मी एवढीच भर घालेन की’ या वाक्यावर मी किती क्रेडिट मिळवले असतील ते देवच जाणे. चार वर्षांत एकाही वर्गमित्राचा आवाज मी ऐकला नाही. माझं जीपीए उत्तम होतं.

अर्जाची वेळ आली २०१६ मध्ये, तेव्हा कळलं की हा अर्ज म्हणजे साक्षीदारांची यादी असते. गुण आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा, हा वरचा भाग. त्याखाली पंधरापर्यंत ‘अनुभव’ लिहायचे: कुठल्या डॉक्टरसोबत राहून काम पाहिलंत, हॉस्पिटलात कुठे स्वयंसेवा केलीत, कुणाला शिकवलंत, आणि प्रत्येकासमोर खात्री करता येईल असा माणूस, त्याचा फोन. मग शिफारसपत्रं. बहुतेक ठिकाणी विज्ञानाच्या निदान दोन प्राध्यापकांची.

पहिली गोष्ट, माझ्याकडे माणसं नव्हती. बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापिकेला मी लांबलचक ईमेल लिहिलं. तिने दोन दिवसांनी सौजन्याने उत्तर दिलं: तुमचं नाव मला आठवतं, गुणही उत्तम आहेत, पत्र देईन, पण त्यात तुमच्याबद्दल काय लिहू ते तुम्हीच सुचवाल का? मला ते सोयीचं वाटलं. मी मुद्दे पाठवले, तिने ते वाक्यांत घालून पाठवले. ते पत्र मी पाहिलं नाही, बघायचा हक्क सोडून देण्याचीच रीत आहे. पण त्यात काय असणार हे मला माहीत होतं. अ मिळाला, वेळेवर गृहपाठ दिला, चर्चेत सहभाग घेतला. त्या वर्षी ५३ हजारांच्या आसपास लोकांनी अर्ज केले होते आणि जागा होत्या २१ हजारांच्या घरात. अ बहुतेकांकडे होता.

दुसरी गोष्ट पैशाची, आणि ती सांगताना मला अजून कानकोंडं व्हायला होतं. कुठलं कॉलेज काय मागतं, ऑनलाइन विषय चालतात का, प्रयोगशाळा प्रत्यक्ष केलेली लागते का, हे सगळं एका जागी बघायची सोय एएएमसी ही संस्था देते. एमएसएआर म्हणतात तिला. वर्गणी तेव्हा पंचवीस-तीस डॉलरच्या घरात होती. मी ती वाचवली. कशाला, कॉलेजांच्या माहितीत मिळेलच की. मग डझनाहून जास्त कॉलेजांना अर्ज केले. पहिल्याचे दीडशेच्या वर डॉलर, पुढच्या प्रत्येकाचे चाळिसेक, त्यानंतर प्रत्येक कॉलेजचा स्वतःचा दुय्यम अर्ज, त्याचे बहुतेक ठिकाणी शंभराच्या आसपास. त्यातल्या निम्म्या कॉलेजांना ऑनलाइन प्रयोगशाळा मुळीच चालत नव्हती. हे मला त्यांनी पैसे घेतल्यानंतर कळवलं, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. त्यांच्या माहितीत ते लिहिलेलंच होतं. मी मंडईत वांगी चार गाड्यांवर बघून घेणारी बाई.

तिसरी गोष्ट उशिराची. अर्ज जूनच्या आसपास स्वीकारायला सुरुवात होते आणि जागा भरत जातात. मी सप्टेंबरमध्ये पाठवला, कारण एमकॅटमधला उताऱ्यांचा भाग माझ्याच्याने होईना. तत्त्वज्ञान, कला, इतिहास यांवरचे इंग्रजी उतारे आणि त्यावर लेखकाच्या मनात काय होतं असले प्रश्न. साताऱ्याच्या शाळेत लेखकाच्या मनात काय होतं ते गाइडमध्ये छापलेलं असायचं. शेवटी गुण आले पाचशेच्या जरा वर. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी तेव्हा ५०८च्या पुढे होती. चाळिशीकडे झुकलेल्या बाईकडे अनुभव आहे, तेवढं भरून निघेल, असं मी स्वतःला सांगितलं. कसला अनुभव, हे अर्जात कुठेच नव्हतं.

आणि डीओ. इथे डॉक्टर दोन वाटांनी होतात, एमडी आणि डीओ. दोघांना सारखाच परवाना, दोघंही शस्त्रक्रिया करतात. डीओची कॉलेजं वेगळ्या वाटेने किंवा मोठ्या वयात आलेल्यांना जास्त आपलंसं करतात, हे मी वाचलं होतं. तरी तो अर्ज भरला नाही. साताऱ्यात डीओ म्हणजे काय ते कोण समजावून सांगणार? होमिओपॅथीचं काहीतरी असेल, असं म्हणतील. म्हणजे बघा, मंडळापासून लपवायचं म्हणून मी घरात बसून शिकले, आणि पुन्हा त्याच लोकांना काय वाटेल म्हणून निम्मी दारं स्वतःच लावून घेतली.

पहिल्या वर्षी सगळीकडून नकार आले. काही आलेही नाहीत, नुसती शांतता. दुसऱ्या वर्षी मी एमएसएआरची वर्गणी भरली, एमकॅट पुन्हा दिली, गुण वाढले, हॉस्पिटलात आठवड्यातून एकदा स्वयंसेवा सुरू केली, अर्ज जूनमध्ये गेला. आणि २०१८च्या जानेवारीत एका कॉलेजचं मुलाखतीचं बोलावणं आलं. या कॉलेजला ऑनलाइन प्रयोगशाळा चालत होती. माझी सगळी कागदपत्रं बघून, सगळं माहीत असून त्यांनी बोलावलं होतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मुलाखत घेणारे साठीचे बालरोगतज्ज्ञ होते. खोलीत दोन खुर्च्या, मध्ये छोटं टेबल, त्यावर माझी फाइल. सुरुवातीला साताऱ्याबद्दल विचारलं, मुलांबद्दल विचारलं. बरं चाललं होतं. मग ते म्हणाले, ‘लॅब पार्टनरशी कधी मतभेद झाला असेल, तर तो प्रसंग सांगा. कसा सोडवलात?’

असला प्रश्न पुष्कळांना विचारतात. यात कसली गोम नसते. खरं उत्तर होतं की मला लॅब पार्टनरच नव्हता. मी सासूबाईंचा आणि त्या टेबलाचा किस्सा सांगितला असता तर ते गृहस्थ बहुधा हसले असते. त्यांना जे हवं होतं, माणूस दुसऱ्याशी कसा वागतो ते, ते सगळं त्या किस्स्यात होतं.

मी म्हटलं, ‘हो, एक मुलगा होता.’

तो मुलगा मी तिथल्या तिथे तयार केला. तो रीडिंग कॉपी करायचा, मी त्याला शांतपणे बोलले, त्याने चूक कबूल केली, मग आम्ही काम वाटून घेतलं. माझी इंग्रजी त्या दिवशी नेहमीपेक्षा बरी चालली होती. ते ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, ‘हे शिक्षकांना सांगितलंत का?’ मी म्हटलं, गरज पडली नाही. त्यांनी फाइलचं एक पान उलटलं. ‘हा कोर्स ऑनलाइन होता ना?’

या क्षणी अजूनही परत फिरता आलं असतं. मी म्हटलं, ‘हो, आम्ही व्हिडिओवर एकत्र काम करायचो.’

‘अच्छा. किट प्रत्येकाला वेगळं येतं ना?’ त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं. मी हो म्हटलं. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही. त्यांनी फाइल मिटली आणि मी गाडी कुठे लावली, ते विचारलं.

नकार तीन आठवड्यांनी आला. वेटलिस्टही नाही. नवऱ्याला मी सांगितलं की मुलाखत बरी झाली होती, पण स्पर्धा फार आहे. तो म्हणाला, ‘बरं.’ खरं काय झालं ते मी त्याला वर्षभराने सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘मुलाचं नाव काय ठेवलं होतंस?’ नाव मी ठेवलंच नव्हतं. ते त्यांनी विचारलं असतं तर तिथेच अडकले असते.

पुष्कळ दिवस मी ऑनलाइन पदवीला दोष देत होते. कुणी विचारलं तर तेच सांगायची. लोकांनाही ते पटायचं, कारण त्यांना तसं आधीच वाटत असतं. पण पदवी तर दारातून आत गेली होती. दारात अडकले ते मी.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मी काउंटी कॉलेजात ऑरगॅनिकच्या प्रयोगशाळेला नाव घातलं. म्हटलं, पुन्हा अर्ज करायचा तर एक विषय तरी प्रत्यक्ष असावा. पार्किंगमध्ये मंडळातल्या एकीचा मुलगा पहिल्याच आठवड्यात भेटला. ‘काकू, तुम्ही इथे?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘हो, ऑरगॅनिक.’ ‘बापरे,’ म्हणाला आणि निघून गेला. एवढंच झालं. इतकी वर्षं ज्याला घाबरले ते एवढंच होतं.

लॅब पार्टनर म्हणून मला एकोणीस वर्षांची मुलगी मिळाली, नखांना काळा रंग, कानात सतत काहीतरी अडकवलेलं. तिसऱ्या प्रयोगात आमचा मतभेद झाला. सेपरेटिंग फनेलमध्ये दोन थर होते, एक पाण्याचा आणि एक डायक्लोरोमिथेनचा, आणि आमचं उत्पादन डायक्लोरोमिथेनमध्ये. मी केमिस्ट्रीची पदवीधर, त्यावर जीवशास्त्राची दुसरी पदवी. पाणी खाली जाणार हे मला इतकं पक्कं माहीत होतं की मी तोटी उघडून खालचा थर टाकाऊच्या बीकरमध्ये सोडून दिला. ती म्हणाली, ‘थांबा, टाकू नका.’ मी म्हटलं, ‘अगं, खाली पाणीच असतं.’ डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड असतं. ऑरगॅनिक शिकणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. आमचा सगळा प्रयोग टाकाऊच्या बीकरमध्ये होता. नशिबाने त्या बीकरमध्ये दुसरं काही पडलेलं नव्हतं. तिने तो मुकाट्याने उचलला, परत फनेलमध्ये ओतला, आणि मला म्हणाली, ‘शेवटपर्यंत कुठलाच थर टाकायचा नसतो. वहीत पहिल्या पानावर आहे.’ खरोखर होतं. शिक्षक दोन टेबलं सोडून उभे होते आणि हसत होते.

चार वर्षं घरातल्या ओट्यावर जे कुणालाच दिसलं नव्हतं ते त्यांनी पाच मिनिटांत बघितलं: की ही बाई फार लवकर ठाम होते, आणि चूक कळली की लगेच मान्यही करते. असलं वाक्य कुणाच्या पत्रात असतं तर चाललं असतं.

मेडिकलला मी पुन्हा अर्ज केला नाही. कारणं साधी होती. वय, मुलीच्या कॉलेजची फी, आणि खरं सांगायचं तर दमले होते. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर रेस्पिरेटरी केअरचे वर्ग चालायचे. शिक्षकांनी एकदा सुचवलं, जाऊन बघा. गेले. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, मग परवान्याची परीक्षा. मी शिकत असताना करोना आला, आणि २०२०च्या वसंतात अख्ख्या देशाची प्रयोगशाळा खोक्यात नाहीतर पडद्यावर गेली. ज्या कॉलेजांनी मला ऑनलाइन चालत नाही असं कळवलं होतं त्यांतल्या काहींनी त्या काळापुरती सवलत जाहीर केली. मैत्रिणींचे फोन आले, आता कर अर्ज, आता चालतंय! मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. तेव्हा आम्हाला व्हेंटिलेटरचे अलार्म पाठ करायचे होते.

२०२१ पासून मी हॉस्पिटलात रात्रपाळी करते. साताऱ्यात नवऱ्याच्या आतेबहिणीने विचारलं, ‘म्हणजे नर्स का?’ मी म्हटलं, ‘नाही, श्वासाचं बघते.’ ती म्हणाली, ‘म्हणजे डॉक्टरच की.’ मी तिला दुरुस्त केलं. दोनदा करावं लागलं.

गेल्या वर्षी आमच्या पाळीतल्या एका मुलाने मला विचारलं, मेडिकलच्या अर्जासाठी पत्र द्याल का? पंचविशीतला, आईबाप इक्वेडोरहून आलेले, दिवसा काम करत ऑनलाइन पदवी केलेली. मी आधी त्याला विचारलं, लॅबचं काय केलंस? म्हणाला, भौतिकशास्त्र आणि ऑरगॅनिक संध्याकाळी काउंटी कॉलेजात. मग मी लिहायला बसले, आणि मुद्दे सुचव असं त्याला सांगावं लागलं नाही. एका पहाटे त्याने रुग्णाच्या धमनीतलं रक्त तपासायला घेतलं आणि आकडे डॉक्टरांना कळवले. डॉक्टर त्यावरून व्हेंटिलेटरची सेटिंग बदलणार, तेवढ्यात हा स्वतःहून परत गेला आणि म्हणाला: सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता, त्याने ऑक्सिजनचा आकडा चुकतो, माझी चूक आहे, मी पुन्हा घेतो. कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला माहीत. तेवढंच लिहिलं, तारखेसकट.

पत्र पाठवल्यावर त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं. म्हटलं, एक गोष्ट लक्षात ठेव, लोक काय म्हणतील म्हणून डीओचा अर्ज सोडू नकोस. तो सँडविच खात होता. म्हणाला, ‘तो तर मी सगळ्यात आधी भरला.’